शाळेची हद्द

हद्द म्हटली की आमच्या डोळ्यांपुढे पोलीस ठाण्याची हद्द येते, नगरपालिकेची येते, फार तर शेताच्या बांधाची येते. शाळेलाही हद्द असते हे आमच्यापैकी पुष्कळांच्या गावीही नसते. मूल सहा वर्षांचे झाले की आम्ही त्याचे बोट धरून निघतो. ऐपत असेल तर नावाजलेल्या शाळेत पैसे भरतो, नसेल तर कोपऱ्यावरच्या नगरपालिकेच्या शाळेत नेऊन बसवतो. अमेरिकेत सरकारी शाळांची व्यवस्था निराळी आहे. तेथे बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेले शाळामंडळ असते, ते गावाचा नकाशा पुढे घेऊन त्यावर रेघा ओढते, आणि ज्याचे घर ज्या तुकड्यात पडेल त्याचे मूल त्या तुकड्यातल्या शाळेत जाते. शाळा फुकट असते, चांगलीही असू शकते. पण ती निवडायची नसते, ती नकाशावरून ठरते.

ही रेघ कायमची नसते. वस्ती वाढली, नवी शाळा बांधली, जुनी ओस पडली, की रेघ सरकते. मग एके संध्याकाळी शाळेच्या सभागृहात नकाशा टांगून आईबापांना बोलावले जाते. दिवसभर काम करून आलेली ती माणसे नकाशाजवळ जाऊन बोटाने आपली गल्ली शोधतात. अधिकारी सांगतात की या इमारतीत इतकी बाके आहेत, त्या वर्गात इतकी मुले जास्त झाली आहेत, बसचा रस्ता इकडून सोयीचा पडतो. आकडे बहुधा खरेच असतात. आणि तरीही माणसे घरी परततात ती गोंधळलेली. एवढ्या साऱ्या आकड्यांतून नेमकी आपलीच गल्ली पलीकडे का गेली, एवढेच त्यांना कळलेले नसते.

आम्ही काही इतिहासाचे पंडित नव्हे. आमचे वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, करारनामे आणि लवादाचे निवाडे वाचता वाचता. त्या वाचनाने एक खोड मात्र जडली. मालकाने एखादा नवा नियम लावला की तो काय म्हणतो हे आम्ही मागाहून पाहतो. आधी त्याच्यावरची तारीख पाहतो, आणि त्याच्या आदल्या आठवड्यात कारखान्यात काय घडले होते ते आठवतो. अमेरिकेतल्या शाळांच्या हद्दींविषयी वाचायला लागल्यावर ही खोड फार उपयोगी पडली.

ओहायो राज्यात हिल्सबरो नावाचे एक छोटे गाव आहे. ओहायो म्हणजे उत्तरेकडचे राज्य. गुलामगिरी राखण्यासाठी लढलेल्या दक्षिणेतले नव्हे. गोऱ्या आणि काळ्या मुलांसाठी वेगळ्या शाळा चालवण्याची मुभा या राज्याने 1887 सालीच कायद्यातून काढून टाकली होती. परंतु हिल्सबरोत लिंकन नावाची जुनी शाळा होती. तिच्यात काळी मुले तेवढी बसत, दोन शिक्षक सारे वर्ग सांभाळत, आणि गोऱ्या मुलांच्या शाळेत वापरून झालेली पुस्तके तिकडे धाडली जात. गोऱ्या मुलांसाठी वेब्स्टर आणि वॉशिंग्टन अशा दोन प्राथमिक शाळा होत्या. गंमत अशी की प्राथमिक शिक्षण आटोपून हायस्कुलात गेले की हीच मुले एकाच वर्गात शेजारी शेजारी बसत. हायस्कुलाच्या पायरीवर काळेपणा उतरत असे की काय, कोण जाणे. कायदा जाऊन 67 वर्षे झाली तरी हे असेच चालले होते, कारण ते मोडायला कोणी पुढे झाले नव्हते.

17 मे 1954 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्राउन खटल्याचा निकाल दिला: वंशावरून मुलांना वेगळ्या शाळांत बसवणे घटनेच्या विरुद्ध आहे. हिल्सबरोच्या आयांनी तो वाचला आणि शाळामंडळाला विचारले की आता आमची मुले वेब्स्टरमध्ये घेणार ना? उत्तर आले की दोन्ही इमारती वाढवायचे काम चालू आहे, ते पुरे होऊ द्या, तोवर जागा नाही. जागा नाही, हे उत्तर आम्ही आयुष्यात फार ऐकले आहे.

त्याच जुलै महिन्यात एक विलक्षण गोष्ट घडली. परगण्याचा सरकारी इंजिनिअर फिलिप पार्ट्रिज, स्वतः गोरा मनुष्य, रात्री लिंकन शाळेत शिरला आणि त्याने तिला आग लावली. त्याचा हिशेब सरळ होता: इमारतच राहिली नाही तर मुलांना दुसरीकडे बसवावेच लागेल. इमारत पुरती जळली नाही. पार्ट्रिजने गुन्हा कबूल केला आणि नऊ महिने तुरुंगात काढले. शाळामंडळाने काय केले? लिंकन दुरुस्त करून घेतली. पैसा आणि जागा यांची एवढी ओरड करणाऱ्यांना या कामासाठी मात्र पैसा सापडला.

सप्टेंबरात शाळा उघडल्या तेव्हा काळ्या आयांनी मुलांची नावे वेब्स्टरमध्ये घातली. मुले काही दिवस तेथे बसलीही. आणि मग, शाळा सुरू होऊन आठवडा उलटतो न उलटतो तोच, शाळामंडळाने ठराव करून गावाचा नवा नकाशा काढला: वॉशिंग्टनची हद्द, वेब्स्टरची हद्द, लिंकनची हद्द. मुलांना सांगण्यात आले की तुमचे घर लिंकनच्या हद्दीत येते, दप्तर उचला.

या नकाशाकडे जरा थांबून पाहावयास हवे. त्यात काळा किंवा गोरा हा शब्द कोठेही नव्हता. होती ती रस्त्यांची नावे. परंतु लिंकनची हद्द अखंड नव्हती. गावाच्या दोन निरनिराळ्या भागांतले दोन तुकडे मिळून ती एक हद्द झाली होती, आणि त्या दोन्ही तुकड्यांत वस्ती होती ती काळ्यांची. लिंकनच्या वाट्याला एकही गोरे मूल आले नव्हते. काही काळ्या मुलांना लिंकनला जाण्यासाठी वेब्स्टरवरून पुढे जावे लागे. घराजवळची शाळा ही जर हद्दीची कसोटी, तर जवळची शाळा ओलांडून लांबच्या शाळेत जायला लावणारी हद्द कोणती कसोटी लावून आखली? हा प्रश्न विचारायला भूगोलाची पदवी लागत नाही. त्या आयांना तो विचारता आला, कारण ते रस्ते त्या रोज पायांनी चालत होत्या.

गर्ट्रूड क्लेमन्स, इमोजिन कर्टिस आणि त्यांच्याबरोबरच्या इतर मिळून एकोणीस आया होत्या, आणि त्यांची सदतीस मुले. काही जणी गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक करून पोट भरणाऱ्या. त्यांनी ठरवले की मुले लिंकनला पाठवायची नाहीत. रोज सकाळी मुलांना न्हाऊमाखू घालून, धुतलेले कपडे चढवून त्या रांगेने वेब्स्टरच्या दारापर्यंत चालत जात. दारात मुख्याध्यापक सांगत की तुमच्यासाठी येथे जागा नाही. मग त्या तशाच परत फिरत. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पावसात, बर्फात, शाळेच्या प्रत्येक दिवशी, जवळजवळ दोन वर्षे.

नुसते हट्टाने दारात जाऊन काय साधते, असे कोणी विचारील. ज्याने टाळेबंदी पाहिली आहे तो विचारणार नाही. गिरणीला टाळे लागले तरी कामगाराने पाळीच्या वेळी गेटवर जावे लागते, कारण उद्या कोर्टात मालक म्हणणार की आम्ही काम द्यायला तयार होतो, हेच आले नाहीत. आम्ही हजर होतो, तुम्ही आत घेतले नाही, ही नोंद रोज पडावी लागते. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकावर तेथे खटला होऊ शकतो. या आयांची ती रोजची वारी म्हणजे हजेरीपटावर मारलेली सही होती. ती दोन वर्षे न चुकवणे काय असते हे आम्ही जाणतो. तिसऱ्या आठवड्यात घराघरांतून कुरबूर सुरू होते आणि तिसऱ्या महिन्यात पुढारी एकटा पडतो, असाच आमचा अनुभव आहे. त्यांच्यात तसे झाले नाही, याचे आम्हाला आजही नवल वाटते.

मुलांचे शिकणे बंद पडू नये म्हणून आयांनी घरांतच वर्ग भरवले, जेवणाच्या टेबलाभोवती. जवळच विल्मिंग्टन येथे क्वेकर पंथीयांचे कॉलेज आहे. तेथली मंडळी येऊन शिकवीत. इकडे सप्टेंबर 1954 मध्येच खटला दाखल झाला होता. आयांच्या बाजूने उभ्या राहिल्या कॉन्स्टन्स बेकर मॉटली, काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या वकिलांतल्या एक अग्रगण्य बाई, ज्या पुढे 1966 साली अमेरिकेच्या संघीय न्यायालयातल्या पहिल्या काळ्या स्त्री न्यायाधीश झाल्या. खालच्या कोर्टाचे न्यायाधीश ड्रफेल यांनी आधी काम लांबणीवर टाकले आणि मग निकाल शाळामंडळाच्या बाजूने दिला. हद्द आखणे हा मंडळाचा अधिकार आहे, इमारतींचे काम व्हायचे आहे, असे ते म्हणणे. जानेवारी 1956 मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला. तीन न्यायाधीशांपैकी एक होते पॉटर स्ट्यूअर्ट. त्यांनी आपले वेगळे मत लिहिले आणि सहकाऱ्यांपेक्षाही कडक शब्दांत सांगितले की मंडळाच्या कृतीला राज्याच्या कायद्याचा आधार नाहीच, शिवाय ती घटनेचा जाणूनबुजून केलेला भंग आहे. वाचकांनी हे नाव लक्षात ठेवावे. ते पुन्हा येणार आहे.

एप्रिल 1956 मध्ये मुले वेब्स्टरमध्ये बसली. तेथे त्यांची परीक्षा घेऊन अनेकांना खालच्या वर्गात टाकण्यात आले. दोन वर्षे ज्यांनी दार बंद ठेवले त्यांनीच मुले मागे पडली असे ठरवले. गावात हा खटला पुढे फारसा कोणी बोलून दाखवीत नसे. पुढच्या पिढ्यांतल्या पुष्कळांना तो फार उशिरा कळला.

हिल्सबरोचा नकाशा कोर्टात टिकला नाही याचे कारण त्याच्यावरची तारीख. मुले वर्गात बसल्यानंतर आखलेली रेघ. ती कशासाठी आखली हे आंधळ्यालाही दिसावे. पण रेघ जुनी असली तर?

न्यूयॉर्कजवळच्या न्यू रोशेल शहरात तसे होते. तेथेही शाळेचे नाव लिंकनच, आणि शेजारची वेब्स्टर. थोरांची नावे द्यायला अमेरिकन लोक आमच्यासारखेच उदार आहेत. 1930 मध्ये वेब्स्टर शाळा निघाली तेव्हा हद्दी अशा फिरवल्या की काळ्यांची वस्ती लिंकनमध्ये राहावी, आणि त्या हद्दीत जी गोरी मुले उरली त्यांना दुसऱ्या शाळेत जायची मोकळीक ठेवली. 1949 साली ती मोकळीक बंद केली, पण तोवर लिंकनमध्ये गोरे मूल उरलेच नव्हते! 1960 साली पालक कोर्टात गेले तेव्हा शाळामंडळ म्हणाले की हद्द तर कित्येक वर्षांची आहे, आम्ही कोठे काही केले? न्यायाधीश कॉफमन यांनी जानेवारी 1961 मध्ये ती तीस वर्षांची फाईल उलगडून हद्दीचा जन्म कसा झाला ते दाखवून दिले आणि निकाल पालकांच्या बाजूने दिला. रेघ म्हातारी झाली म्हणून निष्पाप होत नाही, एवढे तेथे ठरले.

यानंतर शार्लट. नॉर्थ कॅरोलिनातले हे शहर, आणि येथे हिंदुस्थानचा संबंध येतो. डॅरिअस स्वान हे काळे मिशनरी काही वर्षे आपल्याकडे उत्तरेत राहून शिकवीत होते. 1964 साली ते बायकामुलांसह मायदेशी परतले. त्यांचा मुलगा जेम्स आपल्याकडे असताना सर्व रंगांच्या मुलांबरोबर शिकला होता. शार्लटमध्ये त्याला घराजवळची मिश्र शाळा नाकारून फक्त काळ्या मुलांच्या शाळेत टाकले. बापाने शाळामंडळाला शांतपणे पत्र लिहून कळवले की आमच्या मुलाला असली शाळा ठाऊक नाही. आमच्या देशातल्या शाळांत कोणकोणती मुले कोठे बसत आली आहेत हे आम्ही जाणतो, म्हणून या प्रशस्तिपत्रकाने आम्ही छाती फुगवीत नाही. पण नोंद करण्याजोगी गोष्ट आहे खरी.

स्वान यांचे वकील ज्यूलिअस चेंबर्स. त्यांच्या घरावर बाँब टाकला गेला, मागाहून कचेरी जाळली गेली. 20 एप्रिल 1971 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की वेगळेपण मोडण्यासाठी कोर्ट हद्दी फिरवू शकते, मुलांना बसने पलीकडे नेऊ शकते, आणि वेळ पडल्यास शहराचे दोन दूरचे तुकडे जोडून एक हद्दही करू शकते. म्हणजे हिल्सबरोत जी युक्ती मुले वेगळी काढण्यासाठी वापरली होती, तीच येथे मुले एकत्र आणण्यासाठी वापरली गेली. शार्लटमध्ये ही व्यवस्था अनेक वर्षे चालली. 1999 मध्ये दुसऱ्या न्यायाधीशाने ती संपवण्याचा हुकूम दिला, 2001 मध्ये वरच्या कोर्टाने तो कायम केला, आणि 2002 पासून मुले पुन्हा मुख्यत्वे घराजवळच्या शाळांत जाऊ लागली. वस्त्या वेगळ्या होत्या. शाळाही पुन्हा तशाच होत गेल्या.

आता डेट्रॉइट. हा भाग लिहिणे आम्हाला जड जाते, कारण यात आमची माणसे आहेत. मोटारींचे शहर, कामगारांचे शहर. मोटार कामगारांची युनियन ही अमेरिकेतल्या बलाढ्य युनियनांपैकी एक, आणि तिचे नेते वॉल्टर रॉयटर हे 1963 च्या वॉशिंग्टनच्या मोठ्या मोर्चात डॉ. किंग यांच्याबरोबर व्यासपीठावर होते. एप्रिल 1970 मध्ये डेट्रॉइटच्या शाळामंडळाने हायस्कुलांच्या हद्दी बदलल्या, त्या अशा की काळी आणि गोरी मुले एकत्र येतील. म्हणजे कोर्टाने न सांगता, आपणहून. राज्याच्या विधिमंडळाने लगेच कायदा करून तो बेत रद्द केला, आणि ऑगस्टमध्ये मतदारांनी त्या बाजूने मत देणाऱ्या चार सभासदांना मुदतीपूर्वीच घरी बसवले. मग पालक कोर्टात गेले. न्यायाधीश रॉथ यांनी पाहिले की शहरातून गोरी कुटुंबे उपनगरांत निघून जात आहेत. नुसत्या शहरातल्या रेघा हलवून आता एकत्र यायला मुलेच उरणार नाहीत. म्हणून 1972 मध्ये त्यांनी भोवतालच्या 53 उपनगरी शाळामंडळांनाही योजनेत ओढले.

त्या उपनगरांत कोण राहत होते? मोठ्या संख्येने मोटार कारखान्यांतलेच गोरे कामगार. एका पट्ट्यावर काळ्या सोबत्याच्या खांद्याला खांदा लावून काम करणारे, एका युनियनची वर्गणी भरणारे, संपात एकाच चुलीवरचे खाणारे. पाळी संपल्यावर एकाने शहरात जायचे, दुसऱ्याने रेघेपलीकडे. मे 1972 मध्ये मिशिगनच्या पक्षांतर्गत निवडणुकीत वेगळेपणाचा पुरस्कर्ता जॉर्ज वॉलेस जिंकला, आणि त्याला मते देणाऱ्यांत युनियनचे सभासद पुष्कळ होते. युनियनचे पुढारी एक सांगत होते आणि सभासद मतपेटीत दुसरेच टाकत होते. त्या गोऱ्या बापांना नुसते दुष्ट म्हणून आम्ही सुटणार नाही. कर्ज काढून घर घेतलेले, सात वर्षांचे मूल तासभर बसमध्ये बसणार याची धास्ती. ती धास्ती खोटी नव्हती. पण त्यांच्या काळ्या सोबत्याला तेच घर, तेवढाच पगार असून, त्या उपनगरात कोणी विकत देत नव्हते, याची त्यांनी कधी चौकशी केली नाही. युनियननेही ती पुरेशी केली नाही.

25 जुलै 1974 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी रॉथ यांची योजना रद्द ठरवली. उपनगरांनी स्वतः काही गुन्हा केल्याचे सिद्ध झालेले नाही, म्हणून त्यांच्या सीमा ओलांडता येणार नाहीत. पाच मतांतले एक मत पॉटर स्ट्यूअर्ट यांचे. तेच, ज्यांनी अठरा वर्षांपूर्वी हिल्सबरोच्या मंडळाला खडसावले होते. आम्ही यावर पुष्कळ विचार केला. मनुष्य बदलला असे आम्हाला वाटत नाही. हिल्सबरोच्या रेघेवर तारीख होती आणि ती ओढणारे हात समोर उभे होते. डेट्रॉइट आणि उपनगरे यांच्यामधली रेघ म्हणजे गावागावांची शीव. ती शाळेसाठी कोणी आखलेलीच नव्हती. घर कोणाला विकायचे, कर्ज कोणाला द्यायचे, या हजार ठिकाणच्या हजार निर्णयांनी तिला भिंत बनवले. त्यांतला कोणताही एक हात न्यायाधीशाला दिसला नाही, म्हणून त्याला भिंतही दिसली नाही. काळ्या मुलांच्या बाजूने ब्राउन खटला लढवलेले थर्गुड मार्शल त्या वेळी त्याच न्यायपीठावर होते, आणि ते विरुद्ध बाजूच्या चारांत राहिले.

तेव्हापासून अमेरिकेत गावाच्या शिवेवरची रेघ बहुतेक पक्की झाली, आणि वाद उरला तो शिवेच्या आतल्या रेघांचा. शाळांचा बराच पैसा स्थानिक घरपट्टीतून येतो, त्यामुळे शीव मुलांना अडवते तशी पैशालाही अडवते. टेक्सासमधल्या पालकांनी याविरुद्ध दाद मागितली. 1973 साली तेथेही पाच विरुद्ध चार मतांनी नकारच मिळाला. आतल्या रेघांचेही मोल बाजाराला ठाऊक आहे. बॉस्टनच्या उपनगरांत हद्दीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या घरांच्या किमती ताडून पाहून सँड्रा ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी 1999 मध्ये दाखवले की शाळेचे गुण पाच टक्क्यांनी जास्त असतील तर लोक घराला सुमारे अडीच टक्के जास्त मोजतात. तेव्हा हद्द बदलण्याच्या सभेत आवाज चढतात ते केवळ मुलाच्या प्रेमाने नव्हे. कोणाच्या घराची किंमत उतरणार असते, कोणाच्या मुलाला प्रथमच नीट शाळा मिळणार असते, आणि तोंडाने मात्र दोघेही बसच्या रस्त्याविषयीच बोलत असतात.

आमच्याकडे अशा रेघा नाहीत, पण अंतरे आहेत. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शेजारच्या शाळेचा हक्क दिला. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर, पुढे आठवीपर्यंत तीन, असे अंतर नियमांत धरले गेले. त्याच कायद्याने खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवल्या. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने अधिसूचना काढली की ज्या विनाअनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तिला या जागा ठेवण्याची गरज नाही. मूल शाळेपासून दूर पडू नये म्हणून धरलेला किलोमीटर मुलाला शाळेबाहेर ठेवण्याच्या कामी आला. नियमात जातीचे नाव नव्हते, गरिबीचे नव्हते. फक्त अंतर होते. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात अधिसूचनेला स्थगिती दिली, 19 जुलैला ती रद्द केली, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्यास नकार दिला. तोवर जून केव्हाच उलटून गेला होता. शाळा उघडल्या होत्या, शेजारची मुले दप्तरे घेऊन जात होती, आणि सोडतीत नाव लागते की नाही याची वाट पाहत पुष्कळ घरांतली मुले जुलै संपेपर्यंत घरीच होती.